घाटापर्यंत माझी असलेली गाडी

ही हकिगत मी आजवर तीन माणसांना सांगितली आणि तिन्ही वेळा सांगताना माझी नजर जमिनीवर होती. आता कागदावर सांगते आहे. इथे निदान समोर कोणाचा चेहरा नाही.

नगर ते नेवासा, शनिवार

नेवाशाला लोक दर्शनाला जातात. मी जुनी गाडी बघायला निघाले होते. तारकपूर स्टँडवर संभाजीनगरच्या एस.टी.त शेजारच्या बाईंनी सरकून जागा दिली आणि विचारलं, "मोहिनीराजाला का?" मी म्हटलं, "नाही, थोडं काम आहे." गाडी घ्यायला चालले आहे, असं सांगायचा मोह झाला होता. पण एस.टी.त बसून ते सांगणं विचित्र वाटलं.

आम्ही सावेडीत राहतो. मी, माझा नवरा विलास आणि माझी आई. विलास एमआयडीसीत पाळीने जातो, मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. इतकी वर्षं एका स्कूटरवर निभावलं. मग दिवाळीत धाकटी बहीण पुण्याहून नवी गाडी घेऊन आली. तिच्या गाडीत पुढे मोठा स्क्रीन होता. फोन आला की गाडीच बोलायची, मागे घ्यायला लागलं की मागचा रस्ता पडद्यावर दिसायचा. मी कौतुकाने बोट पुढे केलं, तर बहीण म्हणाली, "ताई, हात नको लावूस, काहीतरी बिघडेल." ती सहज म्हणाली असेल. माझ्या मनात मात्र ते रुतून बसलं. त्याच महिन्यात मी ड्रायव्हिंग क्लास लावला आणि रोज मोबाईलवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघू लागले. अट एकच, स्क्रीन पाहिजे.

शेंडी, जेऊर गेलं, इमामपूरचा घाट उतरला आणि हवा बदलली. जानेवारीचं ऊन पडलं होतं, दोन्हीकडे ज्वारी उभी होती. घोडेगावला कांद्याचा वास खिडकीतून आत आला आणि वडाळ्यापर्यंत बसमध्येच राहिला. पुढे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. आमचा ड्रायव्हर त्यांच्या मागे हॉर्न वाजवत चालला होता आणि ट्रॅक्टरवाल्यांना गाण्यांच्या आवाजात तो ऐकू येत नव्हता. नेवासा फाट्यावर उतरून सहा जणांच्या रिक्षात नववी म्हणून बसले.

नेवासा

गाडीच्या मालकांना सगळे नाना म्हणत. साखर कारखान्यात वजनकाट्यावर बत्तीस वर्षं नोकरी करून ते निवृत्त झालेले. घर नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दोन खोल्यांचं. शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये गाडी, तिच्यावर दोन जुन्या साड्या जोडून शिवलेलं आवरण. नानांनी ते आवरण काढून चौघडी घातली आणि मग म्हणाले, "बगा."

पांढरी, पाच माणसांची, आठ वर्षांची गाडी. एक ओरखडा नव्हता. सीटवरचं प्लास्टिक जिथे फाटलं होतं तिथे दोऱ्याने शिवलेलं. आणि मधोमध तो स्क्रीन, बहिणीच्या गाडीतल्यापेक्षा दोन बोटं लहान, पण स्वच्छ.

"पन ताई, एक चूक झाली माजी," नाना म्हणाले. "तुमी फोन केला त्याच्यानंतर काल सांच्याला एक सिस्टर येऊन गेल्या, कुकान्याच्या दवाखान्यातल्या. गाडी पसंत पडली त्यांना. मी व्हय म्हनून बसलो. तुमचा नंबर कुटं लिवलाय ते सापडंना, न्हाईतर कळवलं असतं. आता आलाच हात तर जेवून जा. भाकरी टाकतो."

सावेडीत आमच्याकडे अनोळखी माणूस आला तर आम्ही जाळीच्या दाराआडून बोलतो. इथे ज्याला गाडी द्यायची नाही त्याच्यासाठी हा माणूस भाकरी टाकायला आत गेला. जाताना म्हणाला, "बसून तरी बगा गाडीत. किल्ली लावलेलीच हाय."

मी बसले. किल्ली फिरवली. स्क्रीन उजळला. बोटाने इकडे तिकडे करताना नकाशा उघडला आणि त्याच्या खाली आधी गेलेल्या ठिकाणांची यादी आली. पहिलं होतं 'घर'. दुसरं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, 'आईचं डायलिसिस'. त्याच्या खाली पुन्हा 'घर'. मग पुन्हा तेच. बोटाने वर सरकवत गेले तरी यादी संपेना. घर, डायलिसिस, घर, डायलिसिस. घरात दुसरं कोणी दिसलं नव्हतं. उघड्या दारातून आतल्या भिंतीवर नानांच्या वयाच्या बाईंचा फोटो दिसला होता, हार घातलेला. मला सगळं समजलं.

माणसाला अशा वेळी वाईट वाटतं. मलाही वाटलं असेल. पण खरं सांगायचं तर त्याच्या पाठोपाठ मला जे सुचलं, तेच मला आज लख्ख आठवतं.

नाना ताट घेऊन आले तेव्हा मी गाडीतून उतरून उभी होते. म्हटलं, "नाना, राग मानू नका. पण माझी आई आहे घरी. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. रिक्षात फार हाल होतात तिचे. म्हणून धावत आले होते."

नानांच्या हातातलं ताट तिरकं झालं. भाकरी घसरायच्या आत त्यांनी ते शेडच्या कट्ट्यावर टेकवलं. 

"किती दिवस झाले?"

"सहा महिने," मी म्हटलं.

"मग अजून सवय न्हाई झाली," ते स्वतःशीच म्हणाले. आणि मग, "सिस्टरला मी सांगतो. त्या समजून घेतील. गाडी तुमी न्या."

वांग्याचं भरीत होतं, नदीकाठच्या पांढरट वांग्यांचं, आणि बाजरीची भाकरी. पहिला घास घेतला तर भरताला मीठ नाही. नानांनी मिठाची वाटी पुढे सरकवली. "हात बसलाय माजा बिगर मिठाचा. तुमाला काय सांगायचं म्हना, तुमी पन आईंचं अळनीच करत असाल."

मी "हो" म्हटलं आणि मीठ न घेता भरीत संपवलं. इतकं जेवण मला आयुष्यात कधी जड गेलं नव्हतं. तरीही परतीच्या बसमध्ये मी सगळ्यांत आधी बहिणीला गाडीचा फोटो पाठवला.

पुन्हा नेवासा, सोमवार

पुढच्या आठवड्यात रजा टाकून गेले. त्या दिवशी मी गाडी चालवत नगरला आणायची, नानांनी सोबत येऊन आर.टी.ओ.त सह्या करायच्या आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परत जायचं, असं ठरलं होतं. घरी मी एवढंच सांगितलं होतं की मालकांनी गाडी मलाच द्यायचं कबूल केलंय. विलासची सकाळपाळी होती. आईने बोळवण करताना माझ्या कपाळावर हात ठेवून येशूजवळ प्रार्थना केली, गाडी सुखरूप घरी येऊ दे म्हणून.

निघायच्या आधी नानांनी मला तासभर स्क्रीन शिकवला. त्यांची लेक पुण्याला, यादीतली नावं तिनेच घातलेली, तिने त्यांना शिकवलं होतं, आणि तिने जसं शिकवलं तसंच, त्याच क्रमाने, ते मला सांगत होते.

"आदी तुमच्या फोनचं ब्लूटूथ चालू करा. आता हितं नाव आलं का तुमचं? आकडा दोन्हीकडं सारका हाय का बगायचं आन मगच व्हय म्हनायचं. हां. आता फोन आला का गाडीत वाजनार. ह्ये हिरवं दाबलं का बोलायचं. फोन हातात धरायचा न्हाई, गाडी चालवताना दोनी हात चाकावर."

मागे घेताना पडद्यावर येणाऱ्या हिरव्या, पिवळ्या, तांबड्या रेघा त्यांनी समजावल्या. "तांबडी भिताडाला टेकली का थांबायचं. मी एकदा थांबलो न्हाई," असं म्हणून त्यांनी शेडच्या भिंतीवरची खोक दाखवली. बोलून हुकूम द्यायचं बटण दाखवताना तर ते हसले. "हिला आपली भाषा कळत न्हाई. विंग्रजीत सांगावं लागतं. मी म्हनायचो 'कॉल होम', तर ती भलत्याच मानसाला फोन लावायची. आमची मंडळी मागं बसून हसायची. जाताना हसायची. येताना न्हाई, येताना थकलेली आसायची."

मी सगळं वहीत लिहून घेत होते. नकाशात नगरचं आर.टी.ओ. ऑफिस घालून त्यांनी 'चला' दाबलं आणि पडद्यातली बाई हिंदीत रस्ता सांगू लागली.

फाट्यापर्यंत मी घाबरत चालवली. हायवेला लागल्यावर हात सैल झाले. गाडी छान चालत होती. नाना शेजारी बसून रस्त्याकडे बघत मला एकेक सांगत होते, आणि ते सगळं माझ्या आईसाठी होतं.

"खिडकीपासचा पलंग मागा. पंक्याखाली नको, थंडी वाजती रक्त बाहेर फिरताना. सुईचं भ्या वाटतं ना त्यांना? पैले चार महिने वाटतं. पानी मोजून द्या, पन तोंड लई कोरडं पडलं तर बर्फाचा खडा द्यायचा, बरं वाटतं. ह्ये हितं, घोडेगावच्या पुडं, आमी थांबायचो. तिला भेळ लई आवडायची. खाता येत न्हवती. नुसता वास घ्यायची आन म्हनायची, चला आता."

मी "हो, हो" म्हणत होते. पांढरीच्या पुलापाशी त्यांनी विचारलं, "वार कोनते हायेत त्यांचे?"

"मंगळवार, गुरुवार, शनिवार. शनिवारी नवरा नेतो," मी ठोकून दिलं.

"मंजी आज घरी हायेत. आर.टी.ओ.चं झालं का दोन मिंटं येतो मी घरी. सांगतो त्यांना, घाबरू नका म्हनून. आजारी मानसाला बाहेरच्यानं सांगितलं का जास्ती पटतं."

"नको नाना, दुपारी झोपते ती."

"झोपू द्या की. मी बाहेर बसंन."

घाट सुरू झाला होता. पुढे भरलेला ट्रक, मागे दुसरा. मी चाक घट्ट धरून दुसरा गिअर टाकला. त्याच वेळी गाडीभर घंटी वाजली आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'आई' आलं.

"राहू द्या," मी म्हटलं. "नंतर करते."

"आवो आईंचा फोन हाय, काय लागलं असंल तर?" नाना म्हणाले आणि त्यांनी हिरवं दाबलं.

"शालू!" आईचा आवाज चारी दारांतून आला. "निघालीस का गं? मी आत्ता बाजारातून आले चालत. एवढी मोठी पिशवी घेऊन दोन जिने चढले, तरी दम नाही लागला बघ. आज पुरणपोळ्या करते. गाडी येतीय म्हटल्यावर गोड पाहिजे."

नानांचा चेहरा मला दिसत नव्हता. मी समोरच्या ट्रकच्या मागच्या चाकांकडे बघत होते.

"आई, नमस्कार," ते पडद्याकडे वाकून म्हणाले. "मी नाना. गाडीचा मालक. तब्येत कशी हाय तुमची?"

"सलाम, सलाम! अहो, उत्तम आहे. पंचाहत्तर पूर्ण झाली, देवाची कृपा, एक गोळी नाही मला."

"आन डायलिसिस?"

"काय म्हणालात?"

"डायलिसिसला जाता ना तुमी नगरला?"

"अगबाई, ते किडनीचं? नाही हो. वैऱ्यावर सुद्धा येऊ नये ते. आमच्या चर्चमधल्या एक बाई गेल्या त्यात. का हो, तुमच्याकडे कोणी आहे का?"

 नाना हळूच म्हणाले, "हुती." आणि त्यांनी लाल दाबलं.

घाटात गाडी थांबवायला जागा नव्हती. उरलेला सगळा चढ तसाच चढावा लागला. दर वळणावर वाटे की आता ते बोलतील. पडद्यातली बाई तेवढी बोलत होती.

वर एका बंद टपरीपाशी मी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. नानांनी बेल्ट काढला, पण उतरले नाहीत.

"तुमाला कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

खोटं का बोललात, असं त्यांनी विचारलं असतं तर मी काहीतरी सांगितलं असतं, रडले असते, माफी मागितली असती. या प्रश्नाला एकच उत्तर होतं.

"यादीत पाहिलं," मी म्हटलं. "तुम्ही भाकरी टाकायला आत गेलात तेव्हा."

त्यांनी बोटाने पडद्यावरची धूळ पुसली.

"बत्तीस वर्षं काट्यावर बसलो," ते म्हणाले. "गाडीवानानं, मुकादमानं लई सांगून बगितलं, कुनाचं किलोभर इकडचं तिकडं केलं न्हाई. सिस्टरला दिलेला शब्द मात्र फिरवला. तुमच्या आईसाठी."

"नाना, गाडी वळवते. कुकाण्याला जाऊ. त्यांना मी सांगते."

"तुमी सांगाल?"

"हो."

त्यांनी परत बेल्ट लावला.

कुकाणा

आल्या वाटेने परत जाताना पडद्यातली बाई दर दोन मिनिटांनी सांगत होती, यू टर्न घ्या. तिला नगरला जायचं होतं. मी हे दाबलं, ते दाबलं, रेडिओ लागला, मोठा झाला, बंद झाला, पण ती थांबेना. माझ्या वहीत ते लिहिलेलं नव्हतं. नानांना येत होतं. त्यांनी हात पुढे केला नाही. फाट्यावरून कुकाण्याच्या रस्त्याला लागेपर्यंत ती मला मागे वळायला सांगत राहिली.

सिस्टरांचं घर गावाच्या टोकाला, दारावर निळी चौकट, आत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. सिस्टर नुकत्याच ड्युटीवरून येऊन पाय धूत होत्या. चाळिशीच्या, बारीक, बोलायला झटपट. "जय भीम नाना, या या," म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून लगेच, "तुम्हीच का त्या ताई? आई कशा आहेत?"

मी उभ्यानेच सांगितलं. यादी पाहिल्यापासून घाटापर्यंत. वाटेत जुळवून ठेवलेली वाक्यं तोंडात आली नाहीत, तुटक तुटक सांगितलं. आतल्या खाटेवर त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या, पाय लुळे पडलेल्या. त्यांनाही ऐकू गेलं असणार.

सिस्टर आत गेल्या. मला वाटलं आता दार लागतं. त्या परत आल्या तेव्हा हातात एक कागद होता.

"हे तुमच्यासाठी काढून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "सरकारी मदतीतून डायलिसिस मिळतं, त्याला कोणकोणते कागद लागतात ते. नानांकडे देणार होते." मग त्यांनी तो कागद घडी घालून स्वतःच्याच पर्समध्ये ठेवला. "असू द्या. दुसऱ्या कोणालातरी लागेल."

त्या चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आत्याबाईंना स्कूटीवर बसवता येत नाही म्हणून मी गाडी बघत होते. पण तुमच्या आईची गरज मोठी वाटली. नानांना मीच म्हटलं होतं, वाईट वाटून घेऊ नका."

गाडी त्यांना अजून हवी होती. नानांनी मी सकाळी दिलेली रक्कम परत करायचं कबूल केलं. मग त्यांनी किल्ली सिस्टरांच्या हातात दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सक्रीनचं तुमी दाखवा. मी सांगून दमलो."

मी सिस्टरांच्या शेजारी बसले आणि सकाळी शिकलेलं त्यांना शिकवलं. ब्लूटूथ, आकडा, हिरवं बटण, तांबडी रेघ. दोन्ही हात चाकावर, हेही सांगितलं. त्यांचा फोन जोडायच्या आधी माझं नाव काढावं लागलं. पडद्याने विचारलं, नक्की काढायचं का? मी हो दाबलं. नकाशा उघडल्यावर ती यादी आली. सिस्टरांनी ती पाहिली. काही न विचारता त्यांनी बोट मागे घेतलं आणि तो पडदा बंद केला. जे मी त्या शनिवारी करायला हवं होतं, ते त्यांनी एका क्षणात केलं.

नाना मला स्टँडपर्यंत सोडायला आले. मी नको म्हटलं तरी आले. बस यायला वेळ होता. बाकावर मध्ये एका माणसाची जागा सोडून आम्ही बसलो. शेवटी मीच म्हटलं, "नाना, तुम्ही मला काहीच बोलला नाहीत. रागावला का नाहीत?"

"रागावलो असतो तर तुमाला सोपं गेलं असतं," ते म्हणाले.

बस आली. मी चढले. खिडकीतून पाहिलं तेव्हा ते पाठमोरे चालू लागले होते.

सावेडी

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आई गॅलरीत उभी होती, खाली रस्त्यावर पांढरी गाडी शोधत. मी रिक्षातून उतरलेली पाहून तिने हात हलवायचा थांबवला.

स्वयंपाकघरात पुरणाचा वास होता. मी ओट्यापाशी उभी राहून सगळं सांगितलं. आईने मध्ये एकदाही टोकलं नाही. पोळी तव्यावर करपली तेव्हा तिने गॅस बंद केला. मला वाटलं ती म्हणेल, मला धडधाकट असताना आजारी पाडलंस. रागावली असती तरी चाललं असतं. तिने करपलेली पोळी बाजूला काढली. नंतर देवघरासारखी जी आमची छोटी फळी आहे, जिथे बायबल असतं, तिकडे गेली आणि गुडघे टेकायच्या आधी माझ्याकडे वळली.

"त्यांच्या बायकोचं नाव काय होतं?" तिने विचारलं. "प्रार्थनेत घेते."

मला माहीत नव्हतं. दोनदा त्या घरी जाऊन मी ते विचारलंच नव्हतं.